साळूआजींना वाटलं, आत्मा आला

"पाळकसाहेब, सगळ्यांच्या रोज त्याच त्याच प्रार्थना ऐकून देवाला कंटाळा येत नसेल का?"

तोंड माझं होतं, प्रश्न तनुजाचा. नववी 'ब'च्या शेवटच्या बाकावर, डबा खाता खाता तिनं पैज लावली होती. "तू लई डेअरिंगबाज झालीस ना आता? मग तुमच्या चर्चच्या त्या सरांना हे विचारून दाखव."

"सर नाही गं, पाळक."

"तेच ते. आणि रेकॉर्ड करून आण. नुसतं विचारलं म्हणशील, आम्ही काय येड्या आहोत का विश्वास ठेवायला?"

शेजारी बसलेल्या राजनंदिनीनं टाळीसाठी हात पुढं केला. तनुजानं आणि मी त्यावर टाळी दिली, म्हणजे पैज पक्की. आता मागं हटले असते तर मी सुवार्ता बोर्डे कसली!

मागच्या वर्षीपर्यंत मात्र मी नक्की मागं हटले असते. मी हजेरीला इतक्या हळू 'येस मॅडम' म्हणायचे की मॅडम खुशाल गैरहजेरी लावायच्या. मग डिसेंबरच्या गॅदरिंगच्या नाचात मधल्या मुलीचा पाय मुरगळला, आणि मागच्या रांगेत झाडासारख्या उभ्या असलेल्या मला सरांनी ढकलून मध्ये आणलं. स्टेप सगळ्या पाठ होत्याच. गाणं सुरू झालं आणि काय झालं माहीत नाही, हात-पाय-मान सगळं एकदम माझंच असल्यासारखं चालायला लागलं. अख्ख्या शाळेनं शिट्ट्या मारल्या. शिपाईमामांनी पण! त्या दिवसापासून मी ग्रुपच्या मध्ये. तनुजानं आम्हा दोघींचं अकाउंट उघडलं, त्यावर आमचे रील. रस्त्यानं जाताना लहान लहान पोरी "तीच ती" म्हणायच्या. छावणीतून पदमपुऱ्यापर्यंत तीच ती! ईस्टर झाल्या झाल्या आंतरशालेय स्पर्धा होती, सिडकोच्या नाट्यगृहात. तिथं सगळ्या शहराला कळणार होतं, तीच ती कोण ते.

तर असा सगळा थाट अंगात घेऊन, रविवारी उपासना संपल्यावर तरुण संघाच्या सभेत मी उभी राहिले, आणि कुर्त्याच्या खिशात फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून प्रश्न विचारला.

आमचे पाळक मोतीराम शिरसाठ मूळचे पाचोडचे. उपदेशाला उभे राहिले की एकदम छापील मराठी बोलतात आणि खाली उतरले की पाचोडची. मला वाटलं, आता रागावतील. मग मी रेकॉर्डिंगमध्ये शूर वाटेन. पण त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "मला काय माहीत? मी काय देव हाय व्हय? चल, त्यालाच इचारू."

आणि डोळे मिटून बसले.

आम्हाला वाटलं, आता प्रार्थना बोलतील. बोललेच नाहीत. सगळ्यांनी एकेक करत डोळे मिटले. पंखा कर्र कर्र फिरत होता. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारून मारून दमला. कुणाच्या तरी पोटात गुरगुर झालं. किती वेळ गेला कोण जाणे, बऱ्याच वेळानं त्यांनी "आमेन" म्हटलं.

"आता सांगा, कुणाचं मन कुठं गेलं व्हतं? खरं सांगा. खोटं बोलायचं तर बाहेर जाऊन बोला."

एकाचं मन घरच्या बिर्याणीकडं गेलं होतं. एकीचं सोमवारच्या युनिट टेस्टकडं. माझी पाळी आली. मी म्हणाले, "स्टेप मोजत होते. फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट."

पाळकसाहेब हसले. "मग त्यो बोलला जरी असंल तरी तुला ऐकू कसं येणार पोरी? आत बँड चालू हाय."

बस्स. हे त्यांचं उत्तर.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिघींची डोकी एका फोनवर. माझा प्रश्न आला, "त्यालाच इचारू" आलं, आणि पुढं नुसतं कर्र कर्र. तनुजानं पुढं सरकवलं. कर्र कर्र. अजून पुढं. कर्र कर्र.

"हे काय? उत्तर देवानं दिलं का पंख्यानं?"

मी पोट धरून हसले. पण खरं सांगू का, ते 'आत बँड चालू हाय' माझ्या डोक्यातून काही जाईना. गणिताच्या तासाला बँड. दात घासताना बँड. झोपताना डोळे मिटले की रील वर सरकताना दिसायचे, फोन हातात नसतानाही! मी स्वतःला ऐकायला लागले आणि मला जरा भीतीच वाटली, की आत माझ्यासाठीसुद्धा कुठं जागा उरली नव्हती.

त्याच आठवड्यात भस्म बुधवार आला. म्हणजे ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासकाळ सुरू झाला. या दिवसांत आमच्याकडं प्रत्येक जण काहीतरी सोडतो. पप्पा दर वर्षी मटण सोडतात, आणि अंडं म्हणजे मटण नव्हे यावर ठाम असतात. मम्मी चहा सोडते, मग डोकं दुखायला लागलं की औषध म्हणून घेते. मी आजवर चॉकलेट सोडत आले होते, कारण ते तसंही कुणी आणून देत नव्हतं.

यंदा जेवताना मी जाहीर केलं, "मी रील सोडते. सिनेमाची गाणी पण. मालिका पण."

मम्मी नर्स आहे. दिवसातून शंभर वेळा "ठेव तो फोन" म्हणणारी माझी मम्मी उठली आणि तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला.

"ताप तर नाही," ती पप्पांना म्हणाली.

"मालिका पण?" पप्पांनी विचारलं. "मग मला मधलं कोण सांगणार? सेकंड शिफ्टला मी नसतो."

"मम्मी सांगेल."

"तुझी मम्मी सगळ्या सुनांची नावं एकात एक करते."

म्हणजे बघा, किती मदत घरच्यांची!

आता एक गोष्ट आधीच सांगते. डान्सची प्रॅक्टिस मी सोडली नाही. ती काय करमणूक थोडीच होती? शाळेचं काम होतं! असं मी देवाला समजावून सांगितलं आणि त्यानं काही हरकत घेतली नाही, असं मी धरून चालले.

पहिले काही दिवस भयंकर गेले. हात आपोआप खिशाकडं जायचा. रिकाम्या वेळात करायचं काय, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला. शेवटी कंटाळून मी पहाटे लवकर उठले आणि मागच्या दाराच्या पायरीवर शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, घेऊन बसले. समोर लिंबाचं झाड, त्याखाली पप्पांची बाईक. मी येशूला पकडून नेतात तो भाग काढला. दर वर्षी ऐकलेला, ओळखीचा. पण त्या दिवशी वाचताना मला दिसलं, की त्या रात्री, शिपाई यायच्या आधी, बागेत तो मित्रांना काही मोठं काम सांगतच नाही. नुसतं माझ्याजवळ जागे बसा म्हणतो. आणि ते झोपतात! परत सांगतो, परत झोपतात.

आणि त्यांच्याकडं तर फोन पण नव्हता!

मला आधी हसू आलं. मग एकदम थांबलं. मला वाटलं, अरे, हा तर वाट बघतोय. जो वाट बघत असतो त्याला कंटाळा कुठून येणार? तो तर कुणाच्या चपलेचा आवाज आला तरी मान वर करून बघत असेल. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "बसते मी. मला काही बोलता येणार नाही, पण बसते."

आणि बसले. बँड वाजत नव्हता. काही दिसलं नाही, कुणी बोललं नाही, अंगावर काटा वगैरे काही नाही. नुसतं उठावंसं वाटत नव्हतं. कुणीतरी शेजारी बसलंय आणि दोघांनाही घाई नाही, असं. मम्मीच्या "सुवार्ता, रिक्षा कधीची आलीय गं!" या हाकेनं मी उठले. देवामुळं शाळेला उशीर झाला, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच बसले. पण आदल्या संध्याकाळी प्रॅक्टिस जोरात झाली होती, त्यामुळं डोळे मिटल्याबरोबर फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट. रविवारी प्रॅक्टिस नव्हती, तर सोमवारी सकाळी परत ते शेजारी बसल्यासारखं. मंगळवारी परत बँड. मला कळत होतं काय चाललंय. मी कळून घेत नव्हते.

आता आमच्या चर्चमधल्या साळूआजींच्या त्या प्रसंगाकडं येते.

उपवासकाळात आमच्याकडं रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असते. सगळी मंडळी त्या घरी जमतात, ढोलकी, झांजा, भजनं, मग बायबलमधलं वचन, मग चहा. आमच्या घरची पाळी आली त्या दिवशी पप्पांनी सोफा अंगणात काढला, सतरंजी पसरली, मम्मीनं टीव्हीवर क्रोशाचं झाकण घातलं. जसं काही टीव्ही आमच्याकडं नाहीच! मी तनुजाच्या गच्चीवरून प्रॅक्टिस संपवून धावत आले, तोंडावर पाणी मारलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, कारण बसायला कुठं जागाच नव्हती.

ढोलकीवर नानासाहेब. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून भजनं रचतात. त्यांनी घसा साफ केला. "नवीन भजन हाय. शब्द माझे हायेत. सोपं हाय, मागं म्हणा."

ढोलकीवर पहिली थाप पडली आणि माझा डावा खांदा हलला.

मी दचकलेच. चाल आमची होती! आमच्या स्पर्धेच्या गाण्याची, सिनेमातली, अगदी मधल्या म्युझिकसकट. वर शब्द येशूच्या कृपेचे. आता मी सिनेमाची गाणी सोडली होती, पण हे तर भजन होतं ना? सगळ्यांनी टाळ्या धरल्या, मी पण धरल्या. डोळे मिटले आणि मनापासून गायला लागले. खरंच मनापासून! देवाशपथ सांगते, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण पायांना कोण सांगणार? कडवं संपून ध्रुवपद वर चढलं तशी मी एक गिरकी घेतली म्हणे, मग दुसरी, हात वर, तीन पावलं पुढं.

डोळे उघडले तेव्हा मी सतरंजीच्या मधोमध एका गुडघ्यावर होते. दोन्ही हात आभाळाकडं, मान मागं. आमची शेवटची पोझ.

ढोलकी थांबली.  आणि मग भिंतीला टेकून बसलेल्या साळूआजी एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेरचं कुत्रं भुंकलं.

"आला! पोरीवर पवित्र आत्मा आला!"

पुढचं विचारू नका. "हालेलुया" म्हणत बायका उठल्या. साळूआजींनी रडत रडत माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एवढ्या वर्षांची प्रार्थना हाय माझी, प्रभू, आपल्या छावणीत एकदा तरी ये म्हणून. आलास रं बाबा!" मी मम्मीकडं बघितलं. मम्मीनं ही पोझ महिनाभर हॉलमध्ये रोज बघितली होती. मम्मी छताकडं बघायला लागली. पप्पांनी एकदम चहाचे कप मोजायला घेतले. आणि पाळकसाहेब चष्मा पुसत होते. चष्मा कधीचा स्वच्छ झाला होता, तरी पुसत होते.

चहाच्या वेळी जो तो माझा हात हातात घेऊन जायला लागला. साळूआजी तर मला सोडेनातच. "माझ्या गुडघ्यावर हात ठेव गं बाई. लई दुखतो."

"आजी, अहो मी..."

"ठेव म्हणते ना!"

ठेवला. काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यापर्यंत बातमी गेली की साळूआजी जिना चढून गेल्या. दुपारी लासूर स्टेशनहून आत्याचा फोन. "सुवार्ता, माझ्या सुनेच्या परीक्षेसाठी प्रार्थना कर गं." आणि संध्याकाळी चर्चच्या कमिटीतले एक काका येऊन सांगून गेले, की येत्या रविवारी उपासनेत मी उभं राहून साक्ष द्यायची. म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं.

मी आधी नानासाहेबांना गाठलं. "नाना, ती चाल कुठून घेतली?"

"वरातीच्या बँडवर ऐकली. गोड वाटली. का गं, कुठली हाय?"

त्यांचा चेहरा इतका भोळा होता की मी म्हटलं, "काही नाही, छान आहे."

मग पाळकसाहेबांकडं गेले. ते चर्चच्या आवारात झाडांना पाणी घालत होते. मी एका दमात सांगून टाकलं, "पाळकसाहेब, तो आत्मा नव्हता."

"माहीत हाय. माझी पुतणी बी त्याच गाण्यावर नाचती. गिरकी तिला नाय जमत तुझ्यासारखी."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"नाचलो मी व्हतो का? जो नाचला त्यानं सांगावं."

"पण साळूआजींचा गुडघा..."

"गुडघ्याचं देव बघंल. तू तुझ्या पायांचं बघ."

आणि पाईप घेऊन पुढच्या झाडाकडं गेले. एवढंच. आमचे पाळकसाहेब कधी पूर्ण उत्तर देतील तर शपथ.

इकडं शाळेत वेगळंच. स्पर्धा जवळ आली म्हणून तनुजानं प्रॅक्टिसचं सगळं ठरवलं होतं. "ऐका गं, पुढच्या शुक्रवारी सुट्टी आहे. गुड फ्रायडे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रॅक्टिस, डबे घेऊन या."

"त्या दिवशी मला नाही जमणार," मी म्हणाले. "चर्च असतं दुपारभर."

"हो का? अगं, तुझा सण! मग आधीच हॅपी गुड फ्रायडे!"

"हॅपी नाही म्हणत गं त्या दिवशी. येशू मेला तो दिवस तो."

तनुजाचा चेहरा पडला. ती मुद्दाम कधीच असं बोलणार नाही. "सॉरी यार. मला वाटलं... बरं, मग चर्च झालं की चारला ये. चारला तर संपतं ना?"

चारला. म्हणजे तीन तास त्याच्या मरणाचं ऐकायचं, आणि मग रिक्षा करून पदमपुऱ्याला तनुजाच्या गच्चीवर जाऊन कंबर हलवायची.  तनुजा समजावणीच्या सुरात म्हणाली, "सुवी, दुसरं कुणीही नसलं तरी चालेल. पण मधली जागाच रिकामी ठेवून आम्ही प्रॅक्टिस कशी करायची, सांग ना."

 मला रडूच आलं. मध्ये उभं राहणं मला किती आवडतं ते माझं मलाच माहीत. तिथं उभी असले की मी हळू आवाजात 'येस मॅडम' म्हणणारी पोरगी नसते. ते गेलं तर मी पुन्हा झाडासारखी उभी राहीन का, याचीच तर भीती होती.

रविवार आला. मी साक्ष द्यायला पुढं गेले तेव्हा साळूआजी पहिल्या बाकावर, नवीन पांढऱ्या लुगड्यात. शेजारच्या गल्लीतल्या दोन बायका पण त्यांनी सोबत आणल्या होत्या, मला दाखवायला!

मी माईक धरला. "जय ख्रिस्त. त्या दिवशी आमच्या घरी माझ्यावर आत्मा आला असं सगळे म्हणतात. तो आत्मा नव्हता. ती स्टेप होती. सिडकोच्या स्पर्धेतली."

 मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळेच हसले. नानासाहेब ढोलकीमागं लपायला बघत होते. साळूआजी तेवढ्या हसल्या नाहीत.

"मग माझा गुडघा?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"मला माहीत नाही आजी. मी नुसता हात ठेवला. मला खोटं बोलायचं नव्हतं, पण मी खरं पण नाही बोलले."

एवढंच बोलून मी खाली बसणार होते. ठरवून आले होते तेवढंच. पण माईक हातात होता आणि पुढचं आपोआप तोंडातून आलं.

"मी तेव्हा डोळे मिटून खरंच देवाचं गात होते. आणि माझे पाय भलतंच करत होते, कारण त्यांना तेच पाठ आहे. रोज संध्याकाळी मी त्यांना तेच शिकवते. झोपेतसुद्धा येईल इतकं. येशूचं मला असं झोपेत येईल इतकं काहीच पाठ नाही. एक गोष्ट पण नाही. मला ते हवंय."

आता कुणी हसत नव्हतं. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला, हे मला स्वतःला ऐकू आलं. आणि तेव्हा मी मध्ये नव्हते, एका कोपऱ्यात, माईकच्या वायरमध्ये पाय अडकवून उभी होते.

बाहेर आल्यावर मी साळूआजींना जय ख्रिस्त केलं. त्यांनी पदर सावरला. "नाचायचं तर सांगून नाचावं माणसानं," असं म्हणून हात न देताच निघून गेल्या. त्या दोन बायकांच्या पुढं पुढं, झपझप. गुडघा बराच बरा होता असं दिसत होतं.

दुपारी तनुजाबरोबर गुलमंडीत लेस घ्यायला जायचं ठरलेलं होतं, घागऱ्यांना लावायला. मी गेले. तिनं सोनेरी लेस निवडली, दुकानदाराशी भरपूर भांडली आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी ती परत तिच्या हातात दिली आणि सांगितलं, मी ग्रुप सोडतेय.

"चेष्टा करतेस?"

"नाही."

"त्या तुमच्या पाळकांनी सांगितलं ना?"

"त्यांना अजून माहीत पण नाही."

"मग तुझ्या येशूला डान्स चालत नाही का? फक्त डान्सच तर आहे, सुवे!"

"फक्त डान्स असता तर सोडलाच नसता गं."

हे ऐकून ती आधी चिडली, मग भर रस्त्यात, बांगड्यांच्या गाडीशेजारी रडली. मी पण रडले. बांगडीवाल्या चाचांनी विचारलं, "क्या हुआ बेटा, किसी ने कुछ बोला?" त्यामुळं आम्हाला हसू आलं आणि ते आणखी वाईट होतं.

"राजनंदिनीला माझ्या सगळ्या स्टेप येतात," मी म्हणाले. "ती मागच्या रांगेत असते. मला पण तिथूनच ढकललं होतं मध्ये."

"आणि आपलं अकाउंट?"

"तुझं."

ती पिशवी छातीशी धरून निघाली. पैठण गेटच्या बाजूला वळेपर्यंत तिनं मागं बघितलं नाही. मग वळली आणि एवढ्या गर्दीतून ओरडली, "उद्या सायन्सचा गृहपाठ लवकर आण! माझा व्हायचाय!"

घरी आले तर मम्मी शिलाई मशीनवर माझाच घागरा घेऊन बसलेली. पप्पा समोर घेराचं टोक धरून. टीव्हीवर मालिका. कुठल्या तरी सुनेला कुणीतरी दाराबाहेर काढत होतं आणि दोघांचं अर्धं लक्ष तिकडं.

"आली का?" पप्पा म्हणाले. "चांगली बोललीस हं आज. कमिटीतले सगळे म्हणत होते. आता झालं ना मन मोकळं? आता निवांत नाच. मी कंपनीत रजा टाकलीय स्पर्धेच्या दिवशी. माझ्या लाइनवरचे सगळे कामगार येणार आहेत बघायला."

"इकडं ये, कंबर बघू," मम्मी म्हणाली. "सैल वाटतीय. नीट जेवत नाहीस हल्ली, पहाटे पहाटे उठून बसतेस."

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिनं टेप माझ्या कमरेभोवती घेतली. मी टेपवरचा तिचा हात धरला.

"मम्मी, थांब ना. पप्पा, तुम्ही पण ऐका."

पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. बंद नाही, कमी. मम्मी माझ्या चेहऱ्याकडं बघून एकदम घाबरली. "काय झालं? कुणी काही बोललं का तुला?"

"मी ग्रुप सोडलाय. तनुजाला आत्ताच सांगून आले."

घेराचं टोक पप्पांच्या हातातून सुटलं.

"अगं पण का?" पप्पा म्हणाले. "आम्ही कधी म्हटलं का नाचू नको म्हणून? देवानं दिलंय तुला ते. बरं, तो एक शुक्रवार नको जाऊस, मी बोलतो तुमच्या सरांशी. ईस्टर झाला की परत कर."

"ईस्टर झाल्यावर पण नाही, पप्पा. रील पण नाही. देवाला चालत असेल, मी त्याबद्दल बोलतच नाही. मला दोन्ही एकदम जमत नाही. संध्याकाळी नाचले की सकाळी मी पायरीवर बसते आणि तिथं नसतेच. आणि मला तिथं असायचंय."

"मग हा घागरा?" मम्मीचा आवाज बारीक झाला होता.

"राजनंदिनीला होईल. कंबर जरा घ्यावी लागेल, ती माझ्याहून बारीक आहे."

मम्मीनं पप्पांकडं बघितलं. पप्पांनी मम्मीकडं. मला माहीत होतं, आता दोघं मिळून काहीतरी समजावणार, म्हणून मी त्यांच्या आधीच बोलले, आणि हळू नाही बोलले.

"उद्यापासून प्रॅक्टिसच्या वेळेला मी आतल्या खोलीत प्रार्थनेला बसणार आहे. रोज. तुम्ही टीव्ही बंद करा असं मी म्हणत नाही. दार उघडं ठेवीन, आणि तिघांना पुरेल एवढी मोठी चटई टाकीन."